हाताचा गुण की हवेचा गुण?

घरसंसार : वाळवणाचे दिवस

होळी होऊन गेली, पाडवा जवळ आला, की आपल्या भागातल्या गच्च्या आणि माळवदे भरू लागतात. कुठे सांडगे, कुठे संडिगे, कुठे पापड, कुठे हप्पळ. नाव मराठी असो की कानडी, खाट तीच, जुनी साडी तीच आणि कावळे हाकलायला बसवलेले नातवंडही तेच. त्यातच एका कोपऱ्यात आंब्याच्या फोडी असतात, परातीत आंब्याचा रस पसरलेला असतो, खानापूरकडे कोकमाच्या साली असतात. पापड-कुरडयांबद्दल या सदरात पुष्कळ लिहून झाले आहे. आज वाळवलेल्या फळांबद्दल बोलू, आणि त्यातही वाळवण्यापेक्षा टिकवण्याबद्दल जास्त. कारण फळ उन्हात वाळते हे खरे असले, तरी ते नीट वाळले होते की नाही हे कळते जुलै महिन्यात, डब्याचे झाकण उघडल्यावर.

झाकण उघडले आणि आत आंबापोळीवर पांढरे-हिरवे ठिपके दिसले, की घराघरांत काय होते ते सांगायला नको. 'यंदा वाळवण कुणी केलं होतं?' हा पहिला प्रश्न. 'तिच्या हाताला गुणच नाही' हा त्यावरचा निकाल. कानडी घरात हेच वाक्य 'कैगुण' या शब्दाने येते. काही घरांत तर पाळीच्या दिवसांत कुणाचा हात लागला होता का, याची चौकशी होते. बहुतेक वेळा हा निकाल घरातल्या सर्वांत नव्या बाईवर लागतो. ती बिचारी खाली मान घालून डबा घासायला घेते, आणि पुढच्या वर्षी 'तू राहू दे, मी करते' असे म्हणून तिच्या हातातून ते काम काढून घेतले जाते.

मैत्रिणींनो, बुरशीला, कानडीतल्या बूष्टुला, हात कुणाचा हे कळत नाही. तिला फक्त पाणी कळते. फळात पुरेसे पाणी उरले असेल, किंवा डब्यात गेल्यावर पुन्हा शिरले असेल, तर ती येते. नसेल तर येत नाही. पाळीचा आणि तिचा काहीही संबंध नाही. आणि पाणी ही मोजता येणारी गोष्ट आहे. घरातल्या साध्या वजनकाट्यावर मोजता येते.

माहेरची रीत, सासरची हवा

आपल्याकडच्या घरांची गंमत अशी की सून पूर्वेकडची आणि सासर पश्चिमेकडचे, असे अनेकदा घडते. अथणी, रायबागकडची मुलगी खानापूर, जांबोटीकडे येते. माहेरी तिने अत्तेकडून, अज्जीकडून शिकलेली रीत अशी असते: रस पातळ पसरायचा, तीन-चार दिवस माळिगेवर ठेवायचा, सुटून आला की घडी करून पितळी डब्यात. तिकडे ही पोळी दिवाळीपर्यंत छान राहते. तीच मुलगी, तीच रीत, तोच हात. पण सासरी आषाढातच पोळी चिकट होते आणि श्रावणात बुरसते.

याचे कारण नकाशात आहे. आपला जिल्हा पश्चिमेला सह्याद्रीला टेकलेला आहे. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात पाऊस कोसळतो, तर तिथून पूर्वेला अथणीपर्यंत जाता जाता तो कितीतरी पटीने कमी होतो. पावसाळ्यात बेळगाव शहरातसुद्धा हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. वाळलेले फळ म्हणजे कोरडा स्पंज. उघड्यावर राहिले की ते भोवतालच्या हवेशी बरोबरी साधते. हवा कोरडी असेल तर आणखी सुकते, दमट असेल तर पाणी ओढून घेते. त्यातून साखर आणि मीठ दोन्हीही ओलावा खेचणारे. म्हणून पावसाळ्यात आमसुलाला पाझर फुटतो आणि आंबापोळी बोटाला चिकटते.

तेव्हा अथणीची रीत चुकीची नाही आणि खानापूरची सासूही उगाच बोलत नाही. रीत एका हवेसाठी बसवलेली आहे, ती दुसऱ्या हवेत जशीच्या तशी चालत नाही, एवढेच. पश्चिमेकडच्या घरांनी फळ थोडे जास्त वाळवायचे आणि डबा जास्त घट्ट ठेवायचा. पूर्वेकडच्या घरांना थोडी सवलत आहे.

काट्यावरचा हिशेब

ताज्या फळात साधारण तीन चतुर्थांशापासून नऊ दशांशापर्यंत पाणीच असते. पिकलेल्या केळ्यात सुमारे ७५ टक्के, आंब्याच्या रसात आणि द्राक्षांत सुमारे ८० टक्के. हे पाणी उतरून १५ ते २० टक्क्यांवर आले की बुरशी आणि जंतूंना वाढायला पुरेसा ओलावा उरत नाही. मग फळ महिनोन्‌महिने टिकते.

आता हिशेब पाहा. सोललेली केळी १ किलो घेतली. त्यातले ७५ टक्के म्हणजे ७५० ग्रॅम पाणी, उरला सुका भाग २५० ग्रॅम. या सुक्या भागाला सव्वाने गुणायचे. उत्तर आले साधारण ३१० ग्रॅम. याचा अर्थ असा की केळ्यांचे वजन ३१० ग्रॅमच्या आसपास आले की त्यात २० टक्केच पाणी उरले आहे. काट्यावर अजून ४०० ग्रॅम दिसत असेल तर वरून कितीही सुकलेले वाटो, ते डब्यात भरायचे नाही.

आंबापोळीचेही असेच. रस १ किलो, त्यात सुका भाग २०० ग्रॅम. साखर १०० ग्रॅम घातली तर सुका भाग झाला ३०० ग्रॅम. सव्वाने गुणले, ३७५ ग्रॅम. पूर्वेकडच्या घरांनी इथे थांबायला हरकत नाही. खानापूर, चंदगड, बेळगावकडच्यांनी आणखी एक-दोन ऊन देऊन ३५० ग्रॅमवर आणावे, म्हणजे पाणी १५ टक्क्यांपर्यंत उतरते.

प्रत्येक फळ थोडे वेगळे असते, रसाळ हापूस आणि घट्ट तोतापुरी यांत फरक पडतोच. म्हणून काट्याबरोबर हातानेही पाहावे. फोड मधोमध कापून बोटांत दाबा. ओल दिसता कामा नये, दोन तुकडे एकमेकांना चिकटता कामा नयेत. वाकवली की वाकली पाहिजे, चामड्यासारखी. पण वाळत घालण्याआधी रिकाम्या ताटाचे आणि भरलेल्या ताटाचे वजन एका कागदावर लिहून ठेवायची सवय लावून घ्या. अज्जींचे बोट पन्नास वर्षांच्या सवयीने जे सांगते, ते नव्या सुनेला हा कागद पहिल्याच वर्षी सांगेल.

कोणत्या महिन्यात काय

आपल्याकडे उन्हाची आणि फळांची वेळ नेमकी जुळत नाही. फळ चांगले सुकायला ऊन लागते, पण त्याहून जास्त लागते कोरडी आणि खेळती हवा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असली तर ऊन असूनही फळ रेंगाळते. आपली सर्वांत कोरडी हवा डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत असते. आणि आंबा, फणस, कोकम येतात एप्रिल-मे मध्ये, जेव्हा दुपारनंतर ढग जमतात आणि वळीव, म्हणजे आपला अड्डमळे, केव्हाही येऊन परात भिजवून जातो.

म्हणून वर्षाची आखणी अशी करावी. थंडीत आवळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये केळी, द्राक्षे आणि हवी असल्यास कैरीच्या फोडी. आंबा आणि कोकम एप्रिलमध्ये, हंगामाच्या सुरुवातीलाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वस्त झालेला आंबा पाहून मोह होतो, पण त्या आंब्याचा मुरंबा करा, रस आटवा. त्याला वाळत घालू नका. पाऊस आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो आणि अर्धवट वाळलेल्या फळाला थांबायला जागा नसते.

वाळवताना

काप एकसारखे हवेत, पाऊण सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. जाड-बारीक एकत्र असले की बारीक करपतात आणि जाड आतून ओले राहतात. केळे, सफरचंद यांसारखी काळी पडणारी फळे लिंबाचा रस आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात दहा मिनिटे बुडवावीत. रंग टिकतो.

फोडी एकमेकींवर येऊ देऊ नका. खालूनही हवा लागावी म्हणून परातीपेक्षा चाळण, सुती कापड ताणलेली चौकट किंवा स्टीलची जाळी चांगली. वरून मलमलीचे कापड, आणि ते फळाला टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार वाट्या. रस्त्याकडेच्या घरांनी गच्चीचा रस्त्यापासून लांबचा कोपरा निवडावा, धूळ आणि धूर फळावर बसतो. संध्याकाळी ताटे घरात घ्यायचीच. रात्रीच्या दवाने दिवसभराची मेहनत निम्मी वाया जाते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्ची मिळत नाही, ही खरी अडचण आहे. त्यांच्यासाठी विजेचे ड्रायर बाजारात आहेत. ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर केळ्याचे काप साधारण आठ ते बारा तासांत होतात. लवकर व्हावे म्हणून उष्णता वाढवू नका. वरची साल कडक होऊन बसते आणि आतले पाणी आतच कोंडते. असे फळ हाताला वाळलेले लागते आणि पंधरा दिवसांनी डब्यात बुरसते.

थोडी हौस असेल तर घरीच उन्हाची पेटी करता येते. लाकडी खोका, आतून काळा रंग, वर तिरकी काच. समोरच्या बाजूला खाली आणि मागच्या बाजूला वर अशी हवेची भोके, दोन्हींना बारीक जाळी. मध्ये जाळीचे ताट. बेळगावचा अक्षांश साधारण १६ अंश आहे, तेव्हा काचेचा उतार तेवढाच ठेवून तोंड दक्षिणेकडे करावे. आत गरम झालेली हवा वरच्या भोकांतून निघून जाते आणि खालून कोरडी हवा येते. माशा नाहीत, धूळ नाही आणि वळिवाचा थेंबही नाही. याबद्दल अधिक माहिती हवी असेल तर आपल्या जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे विचारून पाहावे.

चार फळे, चार रीती

आंबापोळी : रस गाळून घ्या. किलोला १०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घाला. मंद आचेवर ढवळत चांगली वाफ येईपर्यंत गरम करा, उकळू नका. यामुळे रस आंबत नाही. निवल्यावर तुपाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ थर द्या. पहिला थर हाताला चिकटेनासा झाल्यावरच दुसरा. घाईने ओल्यावर ओले ओतले तर मधला थर कधीच वाळत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते. शेवटी पोळी उलटून खालची बाजू उन्हाला द्या. पट्ट्या कापून बटर पेपरमध्ये गुंडाळा. फणसपोळी याच रीतीने होते, फक्त गरे आधी वाफवून वाटून घ्यावे लागतात.

केळी : पूर्ण पिकलेली पण घट्ट केळी घ्या. सोलून उभी दोन किंवा चार फाके करा, लिंबाच्या पाण्यातून काढा आणि वाळवा. वसईकडे राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध आहेत, ती याच जातीचा पदार्थ. कच्च्या केळ्यांचेही काप वाळवून पीठ करता येते. २०२१ साली टाळेबंदीत केळ्यांचे भाव पडले, तेव्हा शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि किनारपट्टीवर अनेक घरांनी हा उद्योग केला. बाळे, काय, हुडि या तीन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन त्याला 'बाकाहु' असे नावही पडले. हे पीठ भाकरीत, थालीपिठात, दोशात चालते.

आमसूल : कोकम, कानडीतले मुरुगल. पिकलेली फळे धुऊन कोरडी करा, चिरून बिया आणि गर वेगळा करा. गराच्या रसात त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके मीठ विरघळवा. साली या रसात बुडवून उन्हात टाका, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असे चार-पाच वेळा करून रस संपला की मग खणखणीत ऊन देऊन वाळवा. आंबटपणा आणि मीठ हे दोन्ही राखणदार असल्याने आमसूल किंचित मऊ राहिले तरी टिकते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण खानापूरच्या रानातली कोकमेही आपल्या कामाला उत्तम आहेत. बिया टाकू नका. वाळवून फोडून उकळल्या की मुठेल निघते. कानडीत याला मुरुगल तुप्प म्हणतात. टाचांच्या भेगांना यासारखे दुसरे औषध नाही, असे जुन्या बायका सांगतात.

आवळा : नेल्लिकायी वाफवून घ्या, आठ-दहा मिनिटे पुरतात. पाकळ्या सुट्या होतील. त्याला मीठ, आल्याचा रस, थोडा ओवा लावून रात्रभर मुरवा आणि वाळवा. जानेवारीच्या कोरड्या हवेत हे काम सर्वांत सोपे होते, नव्याने शिकणाऱ्यांनी पहिला हात आवळ्यावरच बसवावा.

बेदाण्याबद्दल दोन शब्द. अथणी, विजयपूर, तासगावकडे शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा सुकतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि एथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून घेतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. तरी पंधरा-वीस दिवस लागतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. घरी करायचा झाल्यास द्राक्षे उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावीत, साल तडकते. पण खरे सांगायचे तर ओणद्राक्षी शेजारच्या तालुक्यातून चांगली मिळते, ती आणून नीट साठवावी. फार पिवळाधमक बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असू शकतो. घरात दम्याचा त्रास असणारे कुणी असेल तर त्यांनी असा बेदाणा टाळावा.

डब्यात जाण्याआधीचे दहा दिवस

वाळवण झाल्यावर आपण लगेच डबे भरतो आणि माळ्यावर ठेवून देतो. इथेच खरा घोटाळा होतो. एकाच ताटातल्या फोडी सारख्या वाळत नाहीत. कडेच्या कोरड्या, मधल्या ओलसर. त्या बंद डब्यात एकत्र आल्या की ओलसर फोडींतले पाणी बाहेर येते आणि झाकणाला लागते.

यावर उपाय सोपा आहे. गार झालेले फळ काचेच्या बरणीत, कानडीतल्या भरणीत, दोन तृतीयांश भरा. झाकण लावा. सात ते दहा दिवस रोज एकदा बरणी हलवा आणि काच पाहा. पाण्याचे बारीक थेंब दिसले तर सगळे बाहेर काढून पुन्हा एक ऊन द्या. थेंब दिसले नाहीत तर या दिवसांत ओलावा सगळ्या फोडींत सारखा वाटला जातो. स्टीलच्या डब्यात हे थेंब दिसत नाहीत, म्हणून निदान दहा दिवस तरी काच हवी.

दुसरी गोष्ट किडीची. उन्हात वाळवताना माशा, पतंग अंडी घालून जातात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. अळ्या निघतात पावसाळ्यात. म्हणून साठवण्यापूर्वी फळ पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ४८ तास ठेवावे. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा इतका थंड होईलच असे नाही. अशा घरांनी ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास गरम करून, पूर्ण गार करून मग भरावे. गरम गरम भरले तर वाफ धरते.

पावसाळ्यातली राखण

एका मोठ्या डब्यापेक्षा पाच लहान बरण्या बऱ्या. मोठा डबा दिवसातून चार वेळा उघडतो आणि प्रत्येक वेळी पावसाळी हवा आत जाते. लहान बरणी उघडली की आठ दिवसांत संपते आणि बाकीच्या चार तशाच कोरड्या राहतात. झाकणाला रबराची कडी हवी. नुसते दाबून बसणारे स्टीलचे झाकण हवा अडवत नाही, खानापूरकडे त्याचा भरवसा धरू नये.

चमचा कोरडा हवा आणि हातही. कोरडे भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवायची जुनी पद्धत थोडीफार उपयोगी पडते, पण नीट न वाळलेल्या फळाला ती वाचवू शकत नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर तो पूर्ण वाळलेला हवा, ओला पाला उलट ओल घेऊन येतो.

बरणी अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. गॅसच्या वरचे फडताळ सोयीचे असते, पण तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही. उष्णतेने आयुष्य किती घटते पाहा: १५ अंशांच्या आसपास वर्षभर टिकणारे फळ २७ अंशांवर सहा महिन्यांतच उतरू लागते. फ्रिजमध्ये जागा असेल तर एक बरणी तिथे ठेवायला काहीच हरकत नाही.

पांढरे दिसले तर

सर्वच पांढरे बुरशी नसते. आमसुलावर मिठाचा आणि बेदाण्यावर साखरेचा थर येतो. तो कणीदार असतो, पाण्यात विरघळतो, त्याला वास नसतो. बुरशी कापसासारखी, धाग्यांची, कधी हिरवट, कधी काळी असते आणि डबा उघडताच कुबट वास येतो.

बुरशी असेल तर मात्र मन घट्ट करा. 'वरचं पुसून ऊन दाखवलं की झालं' असे म्हणून ते मुलांच्या डब्यात देऊ नका. बुरशीचे धागे आत शिरलेले असतात. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार करतात, ते यकृताला घातक असते. ते डोळ्यांना दिसत नाही, धुऊन जात नाही, उन्हाने किंवा शिजवण्यानेही पुरते नाहीसे होत नाही. एका फोडीवर दिसली तरी ती बरणी सगळी टाकायची. म्हणूनही लहान बरण्या बऱ्या, नुकसान एकीपुरतेच होते. शंका असेल तेव्हाही टाकायचेच. चारशे रुपयांच्या आंब्यासाठी घरातल्या कुणाचे पोट पणाला लावू नये.

खाताना हात आखडता

पाणी गेले तरी साखर तेवढीच राहते. एक किलो केळ्यांतली सगळी साखर ३१० ग्रॅमांत येऊन बसते. आपण एक केळे खाऊन थांबतो, पण सुक्या फाका बोलता बोलता पाच केळ्यांच्या होऊन जातात. घरात मधुमेहाचे कुणी असेल तर बरणी त्यांच्या हाताशी ठेवू नये, आणि किती चालेल ते डॉक्टरांना विचारावे. मुलांनी आंबापोळी खाल्ली की चूळ भरायला लावावी, ती दातांना चिकटून राहते. आणि वाळवलेले फळ ताज्याची जागा घेत नाही. उन्हात, हवेत क जीवनसत्त्व बरेच कमी होते. फळ बाजारात ताजे असेल तेव्हा ताजेच खावे, वाळवलेले नसेल त्या दिवसांसाठी.

बरणीवरची चिठ्ठी

शेवटी एक सोपे काम. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावा. फळाचे नाव, वाळवल्याचा महिना, आधीचे वजन आणि नंतरचे वजन. मराठीत लिहा, कानडीत लिहा, ज्या भाषेत घरातल्या सर्वांना वाचता येईल त्या भाषेत लिहा. पावसाळ्यात बरणी उघडल्यावर फळ कसे होते तेही त्यावर टिपून ठेवा. दोन-तीन वर्षांत तुमच्या गावच्या हवेचा हिशेब तुमच्याच घरात तयार होईल आणि तो कोणत्याही पुस्तकातल्या कृतीपेक्षा तुमच्या जास्त उपयोगी पडेल. सासूबाईंची नजर आणि सुनेचा काटा दोन्ही एका चिठ्ठीवर आले, तर जुलैत डबा उघडताना 'कुणी केलं होतं' हे विचारायची वेळच येणार नाही. आणि आलीच, तर उत्तर चिठ्ठीवर असेल: किती पाणी राहिले होते ते.

आपल्या गावी आमसूल किती महिने टिकते, कशात ठेवता, झाकण कोणते, हे आम्हाला पत्राने जरूर कळवा. अथणीपासून कणकुंबीपर्यंतची उत्तरे एकत्र छापता आली तर सगळ्यांच्याच उपयोगी पडतील. पुढच्या आठवड्यात कोहळ्याचे सांडगे आणि संडिगे, दोन्ही घरांच्या रीतीने.